मासे कुठे आहेत?

येत्या १५ ऑगस्टला नवीन लायब्ररीच्या दालनात समुद्री मत्स्यालय सुरू होणार, ही बातमी एव्हाना हॉस्टेलच्या प्रत्येक रूमपर्यंत पोहोचली आहे. चार फुटी टाकी, निळा लाईट आणि आत केशरी-पांढरे 'निमो'. कल्पना झकास आहे, तिला माझा काडीचाही विरोध नाही. विरोध आहे तो वेळापत्रकाला. नोटीस बोर्डावर लागलेल्या कागदाप्रमाणे १३ तारखेला टाकी येणार, १४ ला पाणी भरणार आणि १५ ला झेंडावंदन झालं की पाहुण्यांच्या हस्ते मासे सोडणार. असं झालं तर ऑगस्ट संपायच्या आत त्यातले बरेच मासे मरतील. हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, फर्स्ट इयरची केमिस्ट्री पुरते.

म्हणून हा लेख. सिव्हिलचा विद्यार्थी माशांवर का लिहितोय असं कुणी विचारेल, तर उत्तर पुढे येईलच. तोपर्यंत एवढंच लक्षात ठेवा की हॉस्टेलच्या मागचा एसटीपी (ज्याच्या वासाबद्दल आपण दर आठवड्याला तक्रार करतो) आणि ही काचेची टाकी सख्खी भावंडं आहेत.

मासा खातो आणि पाण्यातच सगळं उरकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य सडतं, त्यातूनही अमोनियाच होतो. समुद्रात हा अमोनिया अथांग पाण्यात विरून जातो. टाकीत तो जाणार कुठे? त्यातून खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. अमोनियाची दोन रूपं असतात, एक तुलनेनं निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. पीएच जसा चढतो तसा विषारी रूपाचा वाटा वाढतो. पीएच ७ ला जेवढा वाटा असतो त्याच्या दहापटीहून जास्त ८.२ ला होतो. म्हणजे घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत जेवढा अमोनिया खपून जातो, तेवढाच समुद्री टाकीत माशाचे कल्ले जाळतो.

यावर निसर्गानं उपाय ठेवला आहे. एका गटाचे सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसऱ्या गटाचे जीवाणू नायट्राईटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, अधूनमधून थोडं पाणी बदललं की काम भागतं. यालाच नायट्रोजन सायकल म्हणतात, आणि नव्या टाकीत ही सायकल बसवून घेण्याला मासे पाळणारे 'टाकी सायकल करणं' म्हणतात. अडचण एकच. हे जीव फार सावकाश वाढतात. आपल्या पोटातला ई. कोलाय सगळं अनुकूल असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसभरही लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आणि या काळात टाकीत बघण्यासारखं काहीही नसतं. स्वच्छ पाणी, दगड आणि बुडबुडे.

आता खोडदची गोष्ट सांगतो, कारण टीका तिथूनच सुरू झाली.

खोडद माझं गाव. जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळ. बाकी जगाला ते जीएमआरटीमुळे माहीत आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण. चौदा अँटेना मध्यभागी एकत्र, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. आमच्या टोमॅटोच्या वावरातून मान वर केली की पांढऱ्या जाळीची तबकडी दिसते. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरतं. पंचक्रोशीतल्या शाळांची पोरं, कॉलेजवाले, शिक्षक आणि गावोगावचे शेतकरी अशी सगळ्यांची झुंबड उडते.

यंदा आमच्या चौघांच्या ग्रुपनं तिथे साठ लिटरची समुद्री टाकी नेली. मासे न घालता! परवानगी, सामान, सगळं जमेपर्यंत ८ फेब्रुवारी उजाडली. त्या दिवशी पाणी भरलं. आरओचं पाणी, लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे दोन किलो शंभर ग्रॅम समुद्री मीठ. हे मीठ म्हणजे मेसमधलं आयोडिनवालं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, कार्बोनेट वगैरे सगळं समुद्राच्या प्रमाणात असावं लागतं. टाकीत सिरॅमिकच्या रिंगा, स्पंजचा फिल्टर आणि एअर पंप. मग जीवाणूंच्या जेवणासाठी लॅबमधलं अमोनियम क्लोराईड, जेमतेम ०.३८ ग्रॅम. कल्हईवाल्याकडचा नवसागर तो हाच, फक्त शुद्ध. एवढ्यानं साठ लिटरमध्ये लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. गणित करून बघा, व्हायवाला उपयोगी पडेल.

रोज संध्याकाळी सात वाजता टेस्ट. पहिले दहा दिवस काहीच नाही. अमोनियाची नळी हिरवीगार, नायट्राईटची कोरी. अकराव्या दिवशी नायट्राईटच्या नळीत फिकट गुलाबी झाक आली तेव्हा आम्ही कॅन्टीनला कटिंग मारला. २८ तारखेला, म्हणजे विसाव्या दिवशी, अमोनिया बराच उतरला होता, पण नायट्राईटचा रंग गडद जांभळा. पहिली शिफ्ट कामावर आलेली, दुसरीचा पत्ता नाही. तेव्हा मासे घालायचे नाहीत हे आम्ही ठरवलं. टाकीशेजारी वीस दिवसांचा आलेख आणि टेस्टच्या नळ्या ओळीनं मांडल्या आणि उभे राहिलो.

आणि दिवसभर एकच प्रश्न : "मासे कुठे आहेत?"

शाळेच्या पोरांनी विचारला, त्यांच्या बाईंनी विचारला. शेजारच्या स्टॉलवाल्यांनी तर "पाण्याचं प्रदर्शन आहे वाटतं" म्हणून टोमणाही मारला. कॉलेजला परत आल्यावर आपल्याच काही मित्रांचं म्हणणं पडलं की दोन निमो टाकले असते तर काय बिघडलं असतं? एका दिवसात थोडेच मरणार होते! बक्षीस हातचं गेलं.

एका दिवसात मेले नसते, कबूल. परत आणल्यावर मेले असते, कुणी न बघता. मुद्दा तोच आहे.

पण त्या गर्दीत एक म्हातारे बाबा आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्यांनीही विचारलं, "काय रं पोरांनो, मासं कुठंयत?" मी सगळं समजावून सांगितलं. अमोनिया, जीवाणू, चार-सहा आठवडे. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. टाकीकडे बघत म्हणाले, "म्हंजी गोबरगॅसवानी. नवा गॅस भरला की म्हयनाभर दम खावा लागतो. आन् पयला गॅस सोडूनच द्यायचा, पेटत न्हाई त्यो."

वीस दिवस मी जे शब्द शोधत होतो ते बाबांनी दोन वाक्यांत दिले. आमच्या घरी गोबरगॅस आहे. टाकीत शेण आणि पाणी समसमान कालवून भरायचं आणि थांबायचं. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साईडच जास्त, काडी लावली तरी विझते. तो सोडायचा. मिथेन करणारे सूक्ष्मजीव बसले की मग निळी ज्योत. (तिथले सूक्ष्मजीव हवेशिवाय जगणारे आणि मत्स्यालयातले हवेवाचून मरणारे, हा फरक आहे. पण थांबण्याचं तत्त्व एकच.) विरजणाचंही तेच. दूध लावून दर दहा मिनिटांनी भांडं हलवणाऱ्याला दही मिळत नाही. गावातल्या प्रत्येक आजीला हे माहीत आहे. मग आठ सेमिस्टर शिकणाऱ्या आपल्याला १४ ला पाणी आणि १५ ला मासे हे वेळापत्रक खटकत कसं नाही?

याला इतिहासही आहे. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं. नुसतं रसायन असतं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. बागेतल्या मातीचं पाणी घातलं, पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम करणारं कुणीतरी जिवंत आहे! पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीनं हे जीवाणू वेगळे करून दाखवले. आणि शोध अजून संपलेला नाही. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा आर्किया गटातला एक सूक्ष्मजीव पहिल्यांदाच वेगळा काढता आला, तो कुठे सापडला माहीत आहे? अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयात, समुद्री टाकीच्या तळाच्या खडीत. लोक काचेला नाक लावून मासे बघत होते आणि विज्ञानाला नवं असलेलं काम तळाशी चाललं होतं.

आता सिव्हिलवाल्यांचा मुद्दा. एसटीपी सुरू करताना काय करतात? दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ आणून टाकतात, कुठे शेणकालाही टाकतात, आणि मग हळूहळू लोड वाढवतात. पहिल्याच दिवशी सगळं सांडपाणी सोडलं तर प्लांट बसतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साधारण ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून ब्लोअर चोवीस तास घरघरतो. मत्स्यालयाचा एअर पंप हाच ब्लोअर. लाईट गेली आणि इन्व्हर्टर नसला की मासेही गुदमरतात आणि जीवाणूही. पर्यावरण अभियांत्रिकीच्या पुस्तकात हे सगळं आहे, आपण त्यावर दहा मार्कांचा प्रश्नही सोडवतो. समोर काचेत तेच आलं की मात्र ओळखत नाही.

विरोधी बाजूचे मुद्देही ऐकले आहेत, त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिला : बाटलीत जीवाणू मिळतात, ते ओतले की झालं. मिळतात, आणि चांगले असले तर वेळ वाचतोही. पण बाटली दुकानात किती दिवस उन्हात होती हे लेबलवर लिहिलेलं नसतं. म्हणून बाटली ओता, पण विश्वास टेस्टवर ठेवा.

दुसरा : पूर्वी लोक डॅमसेलसारखे काटक मासे आधी टाकून टाकी सायकल करायचे, तसं करू. करायचे, खरं आहे. म्हणजे आधी काही जिवांना महिनाभर विषात ठेवायचं आणि जगले तर टाकी तयार समजायचं. चिमूटभर नवसागरात जे काम होतं त्यासाठी जीव कशाला टांगणीला लावायचा?

तिसरा, जरा अभ्यासू : खाऱ्या पाण्यात क्लोराईड भरपूर असल्यामुळे नायट्राईट माशाला फारसं बाधत नाही, मग तुम्ही जांभळ्या रंगाचा एवढा बाऊ का करता? मुद्दा बरोबर आहे. पण नायट्राईट शिल्लक आहे याचा अर्थ साखळी अर्धीच बसली आहे. अर्ध्या बांधलेल्या पुलावरून पहिली गाडी सोडताना ती हलकी आहे असं कारण आपण देतो का?

चौथा आणि खरा : पाहुण्यांसमोर रिकामी टाकी बरी दिसत नाही. इथे माझी खरी तक्रार आहे. एका ऑफिसच्या लॉबीत मी हा प्रकार स्वतः पाहिला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टाकी भरली, दुसऱ्या दिवशी मासे, फोटो, टाळ्या. आठवड्यानं गेलो तेव्हा मासे तेवढेच होते. वॉचमनकाकांनी हळूच सांगितलं की रोज सकाळी मेलेले काढतात आणि नवीन आणून सोडतात. बाहेरून बघणाऱ्याला टाकी उत्तम चाललेली दिसत होती.

हे चित्र ओळखीचं वाटतं ना? बीओडीची बाटली इन्क्युबेटरमध्ये पाच दिवस ठेवायची असते आणि काही जर्नलमध्ये रीडिंग पहिल्याच दिवशी आलेलं असतं. प्रोजेक्टचं मॉडेल एक्स्टर्नलसमोर दहा मिनिटं चाललं की भरून पावलो. आपल्याला 'सुरू झालं' आणि 'सुरू केलं' यातला फरक कळेनासा झाला आहे. फीत कापली की यंत्र सुरू केलं असं होतं. सुरू झालं की नाही ते यंत्र सांगतं, आपण फक्त विचारायचं असतं.

खोडदच्याच दुर्बिणीकडे बघा. आकाशातला अनोळखी स्रोत पाहण्याआधी तिथे ३सी ४८, ३सी २८६ अशा ओळखीच्या स्रोतांकडे अँटेना वळवतात. त्यांची तीव्रता आधीच ठाऊक असते. यंत्र तेवढंच दाखवतंय का ते तपासायचं आणि मग पुढच्या मोजमापावर भरवसा ठेवायचा. एवढी मोठी दुर्बीण, तरी गृहीत काही धरायचं नाही. साठ लिटरच्या टाकीला आपण त्यातून सूट का द्यावी?

टाकी तयार झाली हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. पुन्हा लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया होईल एवढा डोस द्यायचा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यावर आले, तर पास. एक जरी रंग दाखवत असेल, तर केटी! आमची टाकी १४ मार्चला, चौतिसाव्या दिवशी पास झाली. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट उतरवलं आणि हॅचरीत वाढवलेले दोन क्लाऊनफिश सोडले. हा लेख लिहीपर्यंत ते लॅबच्या खिडकीशी मजेत आहेत. (ज्यांना पुरावा हवा त्यांनी यावं. काचेवर टकटक करू नये.)

शेवटी, नुसती टीका करून थांबणं बरं नाही, म्हणून ठोस सूचना करतो.

१) लायब्ररीच्या टाकीत १४ ऑगस्टऐवजी १ जुलैलाच पाणी भरावं. म्हणजे सहा आठवडे मिळतात. तेवढ्यात तयार झाली तर १५ ला मासे सोडा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. नाही झाली तर पाहुण्यांच्या हस्ते टेस्टच्या नळीत थेंब टाकून घ्या आणि माशांची तारीख कोरी ठेवा.

२) लॅबमधल्या टाकीतल्या थोड्या रिंगा आणि स्पंजचा तुकडा आम्ही द्यायला तयार आहोत. हे जीव पाण्यात कमी आणि पृष्ठभागांना चिकटून जास्त राहतात. ओले ठेवून नेले, नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धुतले नाहीत, तर विरजणाचं काम करतात. खोडदला जाता-येता आम्ही ते बादलीत, एअर पंप लावून नेले होते.

३) मासे एकदम आणू नयेत. तीनशे जणांच्या मेसमध्ये अचानक नऊशे पानं बसली तर काय होतं ते आपण गॅदरिंगला पाहिलं आहे. जीवाणूही रोजच्या जेवणाएवढेच वाढलेले असतात. आधी दोन, पंधरा दिवस टेस्ट, मग आणखी दोन.

४) शोभेसाठी समुद्रातून काढलेलं प्रवाळ किंवा समुद्री घोडे कुणी आणून देतो म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणावं. दोन्हींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. सिरॅमिकच्या दगडावर जीवाणू तितक्याच आनंदानं राहतात.

५) दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत टाकी कोण बघणार ते आधी ठरवावं. हॉस्टेल रिकामं होतं, पण टाकी रिकामी होत नाही.

६) टाकीच्या काचेवरच रोजच्या रीडिंगचा तक्ता लावावा, पहिल्या दिवसापासून. म्हणजे 'मासे कुठे आहेत' असं विचारणाऱ्याला उत्तर तिथेच वाचता येईल, आणि निदान काही जण रोज रंग बघायला येतील. पहिल्या गुलाबी झाकेची मजा काय असते ते आम्हाला विचारा.

या कामाला रोज दहा मिनिटं लागतात, संध्याकाळी सात वाजता, मॅच असली तरी. फर्स्ट आणि सेकंड इयरमधल्या सहा जणांची गरज आहे, शाखेची अट नाही. ज्यांची तयारी असेल त्यांनी एन्व्हायर्नमेंट लॅबच्या दारावरच्या कागदावर नाव लिहावं. पहिल्या महिन्यात दाखवण्यासारखं काही नसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, सिव्हिल